सानियाचं उत्तर

मुलांचं वाचन वाढवायचं, असं आमच्या हेडसरांच्या मनात आलं, तेव्हाची गोष्ट. मी हर्सूलच्या एका शाळेत मराठी शिकवते. सहावीच्या वर्गाला सरांनी एका घोड्याची गाजलेली बालकादंबरी वाचायला लावली. महिना झाला तरी कुणी पुस्तक उघडेना, तेव्हा त्यांनी तिच्यावरचा जुना सिनेमाच दाखवला. पोरं लई खूश.

परीक्षेत मी विचारलं, "शेवटी घोड्याचं काय होतं?" सगळ्यांनी लिहिलं, तो घरी परत येतो. एकट्या सानियानं लिहिलं, तो मरतो. मी तिला शून्य दिलं.

दुसऱ्या दिवशी ती पुस्तक घेऊन हेडसरांच्या खोलीत आली. मीही तिथंच बसले होते. रडून तिचे डोळे सुजले होते.

"मॅडम, यात तर मरतोच ना तो?" म्हणत तिनं शेवटचं पान माझ्यापुढं धरलं.

वाचून माझी कानशिलं तापली. मीसुद्धा नुसता सिनेमाच पाहिला होता.

सर म्हणाले, "बेटा, तुझं बरोबर आहे. पण आता अख्ख्या वर्गाला चूक कसं म्हणायचं?"

आणि त्यांनी सानियाला पाचपैकी दोन मार्क दिले, ग्रेस म्हणून.