पावणेचार फेरे

विजयमाला : परत एकदा सांगा. माझ्या जिवाला पटंपर्यंत सांगा.

जमील : बाईसाहेब, तीनदा सांगून झालं.

विजयमाला : मग चौथ्यांदा. जमीलभाई, मला एकच पोरगं हाय. मागल्या साली लिंबागणेशजवळ त्यानं नवी गाडी पालथी घातली, तवा ती ओढून तुमीच आणली न्हवं? सीटवरचं रगत तुमीच पुसलं.

जमील : मीच पुसलं. बरं, ऐका. ही बजरंगभाऊची जुनी जीप, एंजिन तेवढं नवं. एंजिनातनं एक दांडा निघतो, गाडीच्या पोटाखालनं मागं येतो. त्याच्या टोकाला बारकं दातेरी चाक, ते पिनियन. ते मोठ्या चाकाला फिरवतं, ते क्राऊन. जुन्या जोडात बारक्याला आठ दाते, मोठ्याला त्रेचाळीस. म्हंजी दांडा पाच फेऱ्यांच्या वर फिरल, तवा कुठं मागचं चाक एकदा फिरल. जोर लई, पळ कमी.

विजयमाला : किती कमी?

जमील : नव्वद. एंजिन किती बी बोंबललं तरी गाडी नव्वदच्या वर जाणार न्हाई.

विजयमाला : आन् बजरंगनं आणलेला जोड?

जमील : तो अकरा-एकेचाळीस. संभाजीनगरच्या भंगार बाजारातनं आणलाय. त्यात दांडा चार फेरे बी पुरे करत न्हाई, की चाक फिरून मोकळं. सव्वाशे. एकशेतीस बी. नवं एंजिन ताकदीचं हाय, ओढतं.

विजयमाला : हे सांगताना तुमचं तोंड बगा कसं उजळतं.

जमील : मेकॅनिकचं तोंड हाय, बाईसाहेब.

विजयमाला : मग आत कोणता बसवला?

जमील : तुमी मागल्या आठवड्यात सांगितलं तोच. आठ-त्रेचाळीस.

विजयमाला : आन् दुसरा?

जमील : दुसरा त्या पोत्यात.

विजयमाला : उघडा पोतं. मी दाते मोजते. दहावीपर्यंत शिकलेय, त्रेचाळीस येतात मला मोजता.

जमील : नको, नको. ग्रीस हाय सगळं. हात माखतील. साडीला लागलं तर घरी काय सांगाल?

विजयमाला : घरी गिरणीचा पट्टा आणायला चालले म्हणून सांगितलंय. तुमच्या जिवावर उभी हाय मी इथं. ह्यांना सांगायची सोय न्हाई. ते म्हणतात, पोरगं मर्दासारखं वागतंय, वागू दे. पुढच्या साली झेडपीला उभं करायचंय त्याला, गावोगाव नाव झालं पाहिजे.

जमील : अर्जुनरावांचं बी बरोबर असंल.

विजयमाला : तुमी कुणालाच चूक म्हणत न्हाई, ही तुमची लई वाईट खोड हाय. मी आले की मला हो, बजरंग आला की त्याला हो.

जमील : गॅरेज अर्जुनरावांच्या जागेत हाय, बाईसाहेब. न्हाई कुणाला म्हणू? आन् तुमी एवढं कावून भिता? पायात सळी हाय त्याच्या. तो काय पळवणार गाडी?

विजयमाला : तोंडानं तर दीडशेनं पळवतो.

जमील : तोंडाला क्राऊन-पिनियन लागत न्हाई. थांबा... ऐकलं? स्कूटी.

विजयमाला : बबिताची स्कूटी. म्हंजी तोच आला! सुनेची स्कूटी घेऊन फिरतोय पाय दुखतो म्हणून, आन् म्हणे शर्यत.

जमील : मागच्या खोलीत जावा. गौसियाची चटई हाय तिथं, बसा. जेवण घेऊन येते तवा बसते ती. आवाज करू नका.

बजरंग : चाचा! जेवलात का? कुणाशी बोलत होता?

जमील : रेडिओ लावलाता.

बजरंग : रेडिओवर आजकाल बाया भांडायला लागल्या का?

जमील : या, बसा. टायरवर बसा. पाय कसा हाय?

बजरंग : पाय आहे तसाच आहे. गाडीचं सांगा. बसवला?

जमील : बसवला.

बजरंग : कोणता?

जमील : तुमी आणलेला.

बजरंग : दाखवा मोजून.

जमील : इस्वास न्हाई व्हय माझ्यावर?

बजरंग : तुमच्यावर आहे हो. आईवर नाही. चार दिवस झाले, रोज गिरणीचा पट्टा आणायला इकडं येती. आमची गिरणी बंद पडून वर्ष झालं, चाचा.

जमील : मला काय म्हाईत त्याचं.

बजरंग : तुम्हाला सगळं माहीत असतं. फिरवा चाक. मला खाली वाकता येत नाही, मोबाईल ठेवतो गाडीखाली, स्क्रीन माझ्याकडं. व्हिडिओ चालू. दांड्यावर खूण आहे ना?

जमील : खडूची रेघ मारलीय. हे बगा, डावं चाक जमिनीवर टेकलंय, उजवं जॅकवर. म्हणून उजवं दोनदा फिरवायचं, तवा एका फेऱ्याचा हिशोब येतो.

बजरंग : माहितीय. आमेरनं शिकवलंय मला. फिरवा.

जमील : फिरवतो.

बजरंग : सावकाश... एक. ... दोन. ... जरा थांबू नका मधी... तीन. ... आणि आता? झाले चाकाचे दोन फेरे?

जमील : झाले.

बजरंग : रेघ कुठं आली? द्या मोबाईल. हे बघा, खालून वर येत येत... पाऊण. तीन आणि पाऊण. पावणेचार! अकरा-एकेचाळीस! मानलं चाचा. मला शंका होती, खोटं नाही सांगत.

जमील : आता झालं समाधान?

बजरंग : झालं. आता गाडीला कुणी हात लावायचा नाही. चारला पोरं येतील न्यायला. पाच वाजता फिक्स. अंबाजोगाईचा तो पांढऱ्या गाडीवाला, फार उडतोय. आज बसवतो त्याला खाली.

जमील : आज? गाड्यांच्या मेळाव्यात दाखवायला म्हणालता तुमी. गाडी नुस्ती उभी करायची, बोनेट उघडून.

बजरंग : मेळावा नंतर. आज नव्या चौपदरीवर. तो तुकडा अजून खुला केला नाही. दोन किलोमीटर, सरळसोट, कुत्रं नाही रस्त्यावर.

जमील : त्याच्या पुढं पूल...

बजरंग : पूल झाला नाही अजून. पण शेवटची रेघ पुलाच्या चारशे मीटर आधी आखलीय. तेवढ्यात थांबते गाडी.

जमील : बजरंगभाऊ, ब्रेक जुने हायत. चारी चाकांना ड्रमचे. सव्वाशेच्या गाडीला ते पुरत न्हाईत. मी पहिल्या दिवशी सांगितलं, आधी ब्रेक करू, मग क्राऊन.

बजरंग : ब्रेक पुढच्या महिन्यात. जिंकायला ब्रेक लागतात का?

जमील : मग तुमी जपून चालवा. नव्वदपतोर न्या, आन् सोडून द्या. हारलं तर हारलं.

बजरंग : मी कुठं चालवतोय?

जमील : म्हंजी?

बजरंग : डावा पाय क्लचवर ठरत नाही, चाचा. बायकोची स्कूटी घेऊन हिंडतोय, दिसत नाही तुम्हाला? आणि माझं वजन पंच्याण्णव. आमेर बसणार.

जमील : कोण आमेर?

बजरंग : कोण आमेर! तुमचा आमेर. सांगितलं नाही त्यानं घरी?

जमील : न्हाई.

बजरंग : तुम्हाला एकदम रेषेवरच बोलवायचं असंल त्याच्या मनात. आता आमच्याकडं बदलीवर गाडी चालवतो, आज जिंकला की आबांच्या नव्या गाडीवर त्यालाच बसवणार. कायमचा. माझ्या मागंच लागला होता. मी म्हटलं, भीती नाही वाटत? तर म्हणाला, अब्बाचा हात लागलाय गाडीला, ती धोका देणार नाही.

जमील : मी बसतो. त्याच्या जागी. माझं वजन पंचावन्न हाय.

बजरंग : चाचा, तुम्हाला चष्मा लावूनही नट दिसत नाही.

जमील : मग शर्यत पुढं ढकला. आठ दिवस. मी फुकट ब्रेक करून देतो, खुदाकसम.

बजरंग : गावात सगळ्यांना सांगून झालंय. आता मागं सरलो तर माझं तोंड कुठं ठेवू? आणि तुम्हीही जरा सांभाळून बोलत जा. रस्त्याकडेची जागा म्हणून आबा दोनदा म्हणाले, गॅरेज हलवा, गाळे काढू. मीच थांबवलं. थांबवलं ना?

जमील : थांबवलं.

बजरंग : मग. व्हिडिओ आमेरला पाठवतो, खूश होईल. चारला येतो. आणि तो रेडिओ बंद करा.

(बजरंग जातो. स्कूटीचा आवाज नांदूरघाटच्या चौकापर्यंत जाऊन विरतो.)

विजयमाला : पावणेचार.

जमील : तुमी आता घरी जावा, बाईसाहेब.

विजयमाला : पाचाच्या वर सांगितलं होतं तुमी मला. म्हणून पोतं उघडू दिलं न्हाई.

जमील : म्हणून.

विजयमाला : माझ्या लेकराच्या जिवावर खोटं बोललात.

जमील : बोललो.

विजयमाला : कावून? जागेच्या भ्यानं?

जमील : जागेच्या भ्यानं असतं तर बरं झालं असतं. बाईसाहेब, तीस वर्सं क्राऊन बसवतोय. उसाचे ट्रक, पाण्याचे टँकर, वऱ्हाडाच्या जीपा. सगळ्यांना जोर पाहिजे, चढ चढला पाहिजे, ओझं ओढलं पाहिजे. माझ्या हातनं एक गाडी कधी पळाली न्हाई. हे एंजिन मी उभं केलं, सहा महिने. वाटलं, एकदा त्याला त्याच्या जोगा जोड मिळू दे. मला बगायचंतं.

विजयमाला : आन् माझा पोरगा?

जमील : त्याला ओळखून होतो. माफ करा, पण लिंबागणेशनंतर समोरनं ट्रक आला की त्याचा पाय थरथरतो. सत्तरच्या वर जात न्हाई तो, शेजारी बसून बगितलंय. म्हटलं, गाडीत पळ असला तरी पायात न्हाई. तुमचं बी काय बिघडत न्हाई, त्याचं बी न्हाई, माझं बी मन भरंल. सगळ्यांना हो म्हणता आलं.

विजयमाला : आन् आमेर?

जमील : आमेर दाबल. तळाला लागंपतोर दाबल. मीच शिकवलंय त्याला.

विजयमाला : फोन लावा.

जमील : लावतो... वाजतोय... न्हाई उचलत. परत लावतो... कट केला. अब्बा न्हाई म्हणणार, हे त्याला म्हाईत हाय.

विजयमाला : गौसियाला ठाव हाय?

जमील : न्हाई. बाईसाहेब, त्याचं नाव निघालं तवा मागच्या खोलीतनं मला सुस्कारा ऐकू आला.

विजयमाला : व्हय. सोडला मी. खोटं कशाला बोलू? माझा न्हाई, दुसऱ्याचा बसणार, ऐकून आधी बरं वाटलं. मग खाली बगितलं तर त्याच्या आईच्या, गौसियाच्या चटईवर बसलेले. तशीच उठले.

जमील : तुमी सांगा बजरंगभाऊला. आई हाय तुमी.

विजयमाला : मी न्हाई म्हटलं की तो हट्टानं सोता बसल. थरथरत्या पायानं. मग दोघांतनं कुणाला निवडू? तुमी सांगा. ह्यांना सांगितलं तर ते म्हणतील, ड्रायवर हाय, ड्रायवर चालवणारच.

जमील : तेच म्हणतील.

विजयमाला : पोत्यातला जोड चांगला हाय का?

जमील : कुठला? आठ-त्रेचाळीस? चांगला हाय. धुऊन, ग्रीस लावून ठेवलाय.

विजयमाला : त्यानं आता मोजलं. परत मोजायचा न्हाई. किती येळ लागंल?

जमील : अडीच तास. आता सव्वाएक.

विजयमाला : मग पाना उचला.

जमील : एकट्याला न्हाई जमत. तो क्राऊन-पिनियनचा अख्खा गोळा हाय, पस्तीस किलोचा. खाली झोपून एकानं वर धरायचा, दुसऱ्यानं नट लावायचे. माझा खांदा गेलाय. मागल्या खेपेला हाताखालचा राधाकिशन होता, आज तो धर्मापुरीला पाहुण्यांकडं गेलाय. गावातला दुसरा कुणी बोलावला की अर्ध्या तासात बजरंगभाऊच्या कानावर.

विजयमाला : आन् शर्यतीत कळल?

जमील : सुरुवातीला आपलीच गाडी पुढं राहील, जोर हाय. मग नव्वदला अडकंल. एंजिन वरडत राहील आन् पांढरी गाडी बाजूनं निघून जाईल. आमेरला तिथंच कळंल, बापानं काय केलं. बजरंगभाऊला संध्याकाळी कळंल.

विजयमाला : मग जागा जाईल.

जमील : जाईल. आमेरची नोकरी बी. आन् तो माझ्याशी बोलंल का न्हाई, ठाव न्हाई.

विजयमाला : मी सांगन, मीच करायला लावलं म्हणून.

जमील : सांगाल?

विजयमाला : आज म्हणतेय सांगन. उद्याचं माझंच मला ठाव न्हाई. पंचवीस वर्सं त्या घरात एक गोष्ट मोठ्यानं बोलले न्हाई मी, जमीलभाई.

जमील : खरं बोललात.

विजयमाला : शटर ओढा.

जमील : शटर ओढलं तर आत तुमी आन् मी. भर दुपारी. पानटपरीवर चार जण बसलेत, तुमाला आत येताना बगितलंय त्यांनी.

विजयमाला : आन् उघडं ठेवलं तर?

जमील : तर रस्त्यावरनं गाडीखाली दोन जोड पाय दिसतील. एक जोड साडीतला.

विजयमाला : अर्धं ओढा.

जमील : बाईसाहेब, तुमी... मला तुमाला गाडीखाली झोपा म्हणवत न्हाई.

विजयमाला : तुमी म्हणू नका. ती चटई आणते मी, खाली घालायला. पस्तीस किलो म्हणालात ना? ज्वारीचं पोतं उचलत होते माहेरी.

जमील : लई ग्रीस हाय. कोपरापतोर हात माखतील. धुऊन जात न्हाई लवकर.

विजयमाला : माखू द्या. कुठं धरायचं, तेवढं सांगा.