बाटलीतले बुडबुडे

सुरतेतल्या एका दवाखान्यात, छातीच्या वॉर्डाबाहेर. आत डॉक्टरांचा राउंड चालला होता. बाकावर माझ्या शेजारी दोन बाया बसल्या होत्या.

"प्रमिलाबाई, आज नळी काढणार ना तुमच्या मालकांची?"

"हो. फुप्फुसातली कॅन्सरची गाठ काढली, तिथं शिवलंय. त्या जागेतून हवा निघत होती. नळीतून बाटलीत जायची, पाण्यात बुडबुडे यायचे. आता बुडबुडे थांबले, असं डॉक्टर म्हणतात."

"बरं झालं की."

"कसलं बरं? डॉक्टर बाटलीकडे बघत 'खोका' म्हणतात तेव्हा हे नुसता घसा खाकरतात. माझ्यासमोर खोकतात ना, तेव्हा बाटली उकळल्यासारखी होते."

"अहो, हवा निघत असताना नळी काढली तर फुप्फुस परत आकसून बसेल. माझ्या भावालाही आत अशीच नळी आहे, त्याला बजावून सांगितलंय, जोरात खोकायचं."

"मीपण सांगितलं. ऐकत नाहीत. सगळी उमर कापडाच्या लूमवर गेली, ताई. शेठसमोर कुणी खोकलं की शेठ त्याचं मशीन दुसऱ्याला द्यायचे. शेठ दिसला की हे श्वास धरून उभे."

"पण हे डॉक्टर आहेत, शेठ नाहीत."

"डॉक्टरपण सकाळी येऊन शेठसारखंच विचारतात, खोकला कसा आहे?"

"मग तुम्ही जाऊन सांगा डॉक्टरांना."

"मी? ह्यांची चुगली करू?"

आतून कोणीतरी खोकू लागलं. बराच वेळ खोकत राहिलं.

"कोण हो ते?"

"आमचे हेच. डॉक्टर गेले वाटतं."