शंभर टक्के शाकाहारी

नर्स : दंड सैल सोडा. परत मोजते. बोलू नका.

बायको : मोजा, ताई. मशीन खोटं बोलत नाही. माणूस बोलतो.

क्रेनवाला : तुला इथे यायला कुणी सांगितलं होतं?

बायको : तुम्ही नको म्हणालात, म्हणूनच आले.

नर्स : एकशे बहात्तर, एकशे चार. मघाशीही हेच होतं. एकशे साठच्या वर गेलं की क्रेनवर चढायचं नाही, कंपनीचा नियम तुम्हाला माहीत आहे.

क्रेनवाला : बावीस वर्षं वर बसतोय, सिस्टर. खाली मी काय करू, झाडू मारू? थोडं कमी करून लिहा ना.

नर्स : लिहीन नंतर. आधी हे सांगा. दर वर्षी तुमच्या खाण्याचा फॉर्म मीच भरते. नऊ वर्षं मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही. आणि बीपी दर वर्षी थोडं थोडं वरच. मला हे पटत नाही.

बायको : मला तरी कुठे पटतंय? ह्यांचा थोरला भाऊ झटक्याने गेला, तेव्हा ह्यांनी सगळं सोडलं. मी पहाटे पाचला उठते. दोन भाज्या, डाळ, काकडी. मीठ चिमटीनं. डबा चाटूनपुसून घरी येतो, आणि रात्री म्हणतात भूक नाही. विचारलं तर ताकास तूर लागू देत नाहीत.

नर्स : बाहेर मटण खाता का? इथे खरं सांगा.

क्रेनवाला : भाऊ गेल्यापासून तोंडाला लावलं नाही. मुलीची शपथ.

बायको : मुलीला मध्ये आणू नका. शर्टाच्या खिशाला तेलाचे डाग कसले?

क्रेनवाला : वेफर्सचे.

बायको : कसले?

क्रेनवाला : वेफर्स. खारे दाणे. बिस्किटं. एक गोड गार बाटली. सगळं शाकाहारीच आहे, सिस्टर. पाकिटावर लिहिलेलं असतं, मी वाचून घेतो.

नर्स : रोज?

क्रेनवाला : कामाच्या दिवशी रोज.

नर्स : किती पाकिटं?

क्रेनवाला : चार. कधी पाच.

बायको : डबा असताना?

क्रेनवाला : डब्याला दोन हात लागतात गं. माझा एक हात कायम दांड्यावर. खाली माल लटकतोय, माणसं उभी आहेत. पाकीट मांडीवर उघडं ठेवलं की एका हातानं भागतं. खाली उतरून जेवायचं तर शिडीच्या दोनशे पायऱ्या. पूर्वी उतरायचो. आता परत चढताना छाती भरून येते.

(नर्स त्याच्या दंडाचा पट्टा सोडते.)

नर्स : हे कधी सांगितलं नाहीत.

क्रेनवाला : तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही विचारायचात, मांस खाता का. मी नाही म्हणायचो. तुम्ही शाबास म्हणायचात.

नर्स : खरं आहे. मांस नाही म्हटलं की मी पुढची पानं तशीच उलटायचे. त्याऐवजी काय खाता, हे नऊ वर्षांत एकदाही विचारलं नाही. दाणे, बटाटा, साखर, मैदा, सगळं झाडापासूनच येतं. पण इतकं मीठ आणि साखर रोज पोटात गेल्यावर नुसत्या शाकाहारानं काय होणार? चूक माझीही आहे.

बायको : थांबा, ताई. मग माझा डबा कोण खातं?

क्रेनवाला : खालून मला हातानं खुणा करणारा सिग्नलवाला. सकाळी वर चढायच्या आधीच त्याला देतो. त्याला घरी करणारं कुणी नाही. म्हटलं, टाकून देण्यापेक्षा बरं.

बायको : नऊ वर्षं?

क्रेनवाला : सहा-सात असतील. तुला सांगायची हिंमत झाली नाही.

बायको : मी तुमच्यावर मटणाचा संशय घेत बसले, आणि इकडे हे. त्याचं बीपी किती हो, ताई?

नर्स : दुसऱ्याचं सांगता येत नाही मला.

क्रेनवाला : मला सांगितलंय त्यानं. एकशे अठरा, शहात्तर. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा आहे.

नर्स : मग मी आता काय लिहू?

क्रेनवाला : सिस्टर, एवढ्या वेळी तरी...

बायको : जे आलं तेच लिहा. ह्यांना खाली काम द्या, झाडू तर झाडू. दुपारी मी डबा घेऊन येईन, आणि जेवून होईपर्यंत समोर बसेन.