नाव न घ्यायची भाजी

शनिवार, पाच एप्रिल. पहाटे भुरभुर, दहानंतर कडक ऊन. आणि त्या उन्हात तो फोन मला सांगतो काय, तर "कोबी, एकसष्ट टक्के!" कोबी? अहो, तुम्हाला सांगतो, वीस वर्षं आमच्या बेटावरच्या सिगाटोकाच्या बाजारात भाजी घेऊन बसतोय मी. नदीकाठची ती नेच्याची कोवळी भाजी, टोकाला गुंडाळी असलेली, तिला कुणी शुद्धीतला माणूस कोबी म्हणेल? नाव मात्र मी घेणार नाही हं! समोरच वासिती मावशी बसलीय, माझ्या आईच्या कुळातली, आणि ही भाजी त्यांचं देवक. त्या कुळातल्या बाईसमोर नाव उच्चारलं की दंड... पातेलंभर तीच भाजी, शेवटच्या देठापर्यंत!

आता हे त्या सेरेआनाला कोण सांगणार? दूरच्या बेटावरची पोर, विद्यापीठातून आलेली, फोनमधल्या यंत्राला दुर्मीळ भाज्या ओळखायला शिकवते. फोटो काढायचा, विकणाऱ्याच्या आवाजात नाव भरायचं. "काका, शहरातल्या मुलांना नावंच येत नाहीत हो!" खरंय, माझीच लेक तिकडे राजधानीत, सुव्यात, प्लास्टिकमधला कोबी आणते. पण नाव घ्यायचं कुणी? पहिल्या गाळ्यावर सांगितलं "आजोबांची मिशी", दुसऱ्यावर "वाकडी", मी म्हटलं "ती हो... ती!" झालं! एका भाजीच्या तीन भाज्या, आणि यंत्र बिचारं घाबरून कोबीवर गेलं.

"सोमवारी यादी बंद, काका. नाव नाही, तर ही भाजी वगळते."

वगळते? माझ्या आईची भाजी? अहो, आमच्या घरी दर शनिवारी बा जेवायला बसायचे, इकडेतिकडे बघायचे, आणि चुकून, हं, अगदी चुकून, नाव घ्यायचे! आई ओरडायची, "लाज नाही वाटत, माझ्या तोंडावर? आता संपव सगळं!" आणि दंडाचं पातेलं चुलीवर आधीच रटरटत असायचं, नारळाच्या दुधात. तीस वर्षं माणूस दर शनिवारी चुकला! आई गेली, त्यानंतर बा एकदाही चुकले नाहीत.

तर मी पोरीला नेलं बसथांब्यामागे, चार बाजूंना पाहिलं, आणि फोनच्या कानात सांगितलं. नाव मात्र तुम्हालाही सांगणार नाही हं!

परत आलो. सेरेआनाने जुडीसमोर फोन धरला, आणि त्या निर्लज्जाने भर बाजारात, माझ्याच आवाजात, खणखणीत...

"इलिसोनी!" माझं नाव घेऊन ओरडत मावशी उठलीच. "मेल्या, आईच्या कुळाची तरी लाज धर!"

"मावशी, मी नाही, फोन बोलला!"

"मग फोनला तोंड आहे का खायला? बस खाली!"

बाजारातल्याच चुलीवर पातेलं चढलं. बायका टाळ्या पिटतायत, सेरेआना "सॉरी काका, सॉरी काका" करतेय, आणि मी मांडी घालून दंड भरतोय. तिसऱ्या वाटीला डोळ्यांत पाणी आलं. मिरची फार होती, दुसरं काय?

निकाल: ओळख बरोबर, चौऱ्याण्णव टक्के. भाजी यादीत. पातेलं रिकामं. जाताना सेरेआनाने ते यंत्र माझ्या फोनमध्ये घालून दिलं.

शनिवार, बारा एप्रिल. ऊन, वारा नाही. साडेअकराला मी जुडीसमोर फोन धरला. मावशीने पातेलं घरूनच आणलं होतं.