कोमलच्या प्रोग्रामचे रंग

चहा होतोय तोवर आमच्या कोमलची गंमत ऐका. नात माझी, जळगावला कॉम्प्युटरचं शिकते. प्रोग्राम लिहिला की स्क्रीनवर त्यातले शब्द आपोआप निळे, हिरवे दिसतात म्हणे. तिच्या सरांनी सगळ्यांना बजावलं होतं, "प्रोग्राम स्क्रीनवर दिसतो तसाच रिपोर्टमध्ये रंगीत पाहिजे. नाहीतर रिपोर्ट परत." रिपोर्ट परत आला की परीक्षेला बसणं बंद.

घरी, चोपड्याला, तिने प्रोग्राम उचलून वर्डमध्ये टाकला आणि सगळे रंगच उडाले. मी डोकावून म्हटलं, "हाई ते बठ्ठं काळं शे, बेटा! सगळंच काळं!"

पोरीला रडूच आलं. मग बसली एकेक शब्द हाताने रंगवत. मला इंग्रजी येत नाही, पण रंग तर कळतात. मी शेजारी बसून सांगायचो, "तो निळा राहिला बघ. तो हिरवा कर."

संध्याकाळी रिपोर्ट छापून, बाइंडिंग करून आणला. शुभ कामाचा कागद म्हणून आजीने पहिल्या पानावर कुंकवाचं बोट टेकवलं.

"आजी! सर ओरडतील ना आता!" कोमल चिडली.

दुसऱ्या दिवशी मीही तिच्यासोबत गेलो. सरांनी रिपोर्ट उघडला आणि पहिल्याच पानावर थांबले. "हे लाल काय आहे?"

"कुंकू, सर. आजीने लावलंय."

सरांनी रिपोर्ट कपाळाला लावला, सही केली आणि मिटून गठ्ठ्यावर ठेवून दिला. आतलं एकही पान उलटलं नाही.

आम्ही बाहेर आलो. मी म्हटलं, "बेटा, पुढच्या वेळी रंगवायचं काम आजीलाच दे. तिचं एका बोटात भागतं."