भिंतीतली आंघोळ

नाही, पण माझं काय चुकलं ते तरी सांगा! मी फक्त कान लावला होता. आता आमचं कामच ते, तुम्हाला सांगते, पाणीपुरवठ्यात इंजिनीअर आहे मी, लोखंडी काठी रस्त्यावर टेकवायची, वरच्या टोकाला कान लावायचा, खाली कुठे पाणी निसटत असलं की सूंऽऽ असं ऐकू येतं, आणि लोक म्हणतात, एवढी शिकलेली पोरगी, रस्त्याशी बोलतेय! बोलत नाही हो, ऐकतेय… असो. तर एका गल्लीत पाणी गायब होत होतं. टोकाच्या घरातली बाई नळाखाली बादली लावते, सगळी भाजी निवडून, चिरून येते, तरी बादलीचा तळच दिसतोय! माझं डोकं फिरलं. चोरी, दुसरं काय? ऐकत ऐकत निघाले, आणि आवाज सगळ्यात मोठा कुठे यावा? माझ्या सख्ख्या मावशीच्या बाथरूममध्ये!

नळ सगळे बंद, मीटर ढिम्म, आणि भिंतीत पाणी वाहतंय. म्हणजे मीटरच्या आधीच कुणीतरी चोरून जोड घेतलाय. बरोबरचा फिटर हळूच विचारतो, मॅडम, केस करायची का? मी मावशीला विचारलं, कुणी करून दिलं हे? कुणी नाही म्हणाली, आणि राहू दे ना तसंच. राहू दे? मी तिथेच भाषण ठोकलं, पाणी सगळ्यांचं, हक्क सगळ्यांचा… आणि मावशी आपली काकांच्या टॉवेलची घडी घालतेय, मोडतेय, परत घालतेय.

"चोरी नाही गं," ती म्हणाली. "तुझे काका गेल्यावर कधीतरी सुरू झालं. घर इतकं गप्प असतं… तो आवाज आला की वाटतं, आंघोळ चाललीय आत. येतील आता बाहेर."

मी फक्त कान लावला होता हो! फिटर उगाचच पान्हा पुसत बसला. माझं भाषण कुठल्या कुठे. भिंत उकरली तर जोड कसला नि काय, पाइप गंजून भोक पडलेलं. आता बुजवू की नको? मी, मी विचारतेय हे!

शेवटी मावशीच म्हणाली, "टोकाच्या बाईला पाणी मिळेल ना? मग कर बंद."

केलं. गल्लीभर पाणी आलं, बाई खूश, साहेब खूश. आणि मावशीचं घर असं गप्प झालं, असं गप्प… मी फक्त कान लावला होता!

मग काय, आता रोज सकाळी ऑफिसच्या आधी मी मावशीकडे आंघोळीला जाते. माझी आंघोळ म्हणजे दोन तांबे, शाळाशाळांतून मुलांना हेच सांगत फिरते मी! तर मावशी दाराबाहेरून, "झाली एवढ्यात? तुझे काका तासभर हलायचे नाहीत." सोडते पुन्हा नळ, बसते आत मुकाट्याने… उद्या ऑफिसातून कुणी तपासायला आलंच, तर आधीच सांगून ठेवते, त्या घरातली गळती आता मीच आहे.