मधला पडदा

वस्तीतल्या मागावर सगळ्यांच्या जुन्या कपड्यांच्या पट्ट्यांची एकच मोठी सतरंजी विणायची होती. दहावीतली ती आपला तोकडा झालेला स्कर्ट घेऊन रांगेत उभी होती, आणि कान अर्थातच पुढच्या दोन म्हाताऱ्या बहिणींकडे!

“ताई, सोड की तो पडदा!”

“आपल्या खोलीतला आहे गं. अलीकडे मी, पलीकडे तू.”

“तूच लावलास. म्हणे मी घोरते!”

“घोरायचीसच. नुसतं इंजिन!”

“आणि आई गेल्यावर तू रडायचीस.”

“तुला ऐकू यायचं?”

“रोज.”

“मग कधी आली का नाहीस?”

“पडदा होता ना, ताई.”

पट्ट्या फाडणाऱ्या काकूंनी हात पुढे केला.

“थांबा हो, आम्हीच फाडतो. धर गं ते टोक.”